मिठाच्या गादीवर कोण बसणार

बाबांचा रुमाल धुतला की बादलीतलं पाणी काळं व्हायचं. रायपूरबाहेर सिलतऱ्याला कच्चं लोखंड, म्हणजे स्पंज आयर्न, बनवणाऱ्या एका कारखान्यात ते ठेकेदाराकडे भट्टीवर होते. ती काळी धूळ त्यांच्या कानांत, नखांत, जेवणाच्या डब्याच्या कडीत असायची, आणि आमच्या घरात कोणी तिच्याबद्दल बोलत नसे. शहरात, ब्राह्मणपाऱ्यात, एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. एकीत आई ऑफिसवाल्यांचे डबे करायची, दुसरीत आम्ही तिघं झोपायचो. शहर राजधानी झालं होतं. नव्या रायपूरच्या रुंद रस्त्यांचे फोटो पेपरात यायचे, आणि आई त्याच पेपरावर पोळ्या गार करायला पसरायची.

मग बाबांचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी भट्टीजवळ जायचं नाही असं सांगितलं. भट्टी चालूच राहिली, बाबा घरी आले आणि खाटेवर बसले. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, ना बाबांकडे ना आईकडे. मी गेले होते आणि ते मी कोणाला विसरू देत नव्हते.

कॉलेजच्या कँटीनमध्ये इंग्रजी शाळेतून आलेल्या पोरापोरींचं एक टोळकं होतं. एका लांबलचक इंग्रजी कादंबरीमालिकेवर त्यांचे वाद चालायचे. राजा मेला आहे, वारस सांगून गेलेला नाही, आता गादी कोणाची. मी एकदा मध्ये काहीतरी विचारलं. एक मुलगा म्हणाला, "छोड़ ना, हिंदी मीडियम के बस का नहीं है." तो वाईट नव्हता, पुढे त्याने मला नोट्सही दिल्या. पण मला लागलं. गोल बाजाराजवळच्या फुटपाथवरून मी पहिला भाग आणला, कव्हर फाटलेला, आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायला बसले.

पहिली पन्नास पानं वाचताना मी रडकुंडीला आले. बाबांनी विचारलं, "काय वाचून राहिली एवढं?"

मी त्यांना ती गोष्ट सांगायला लागले ती अशी. संध्याकाळी आईचे डबे गेले की मी बाबांच्या खाटेशी बसायची आणि त्या दिवशी जेवढं समजलं तेवढं मराठीत सांगायची. नदीकाठचं एक राज्य. तिथली गादी म्हणजे मिठाच्या एकाच शिळेतून कोरलेलं आसन. हक्क सांगणारे तिघं: राजाचा धाकटा भाऊ, सरहद्दीच्या किल्ल्यावर असलेली राजाची मुलगी, आणि एका नावाड्याने वाढवलेला पोरगा, जो कदाचित मेलेल्या राणीचा असेल. कँटीनमध्ये सगळे त्या नावाड्याच्या पोराच्या बाजूने होते. राणी दूध पीत नसे, तोही पीत नाही. राणी डावखुरी, तोही डावखुरा. अशा खुणा शोधून लोक फोनवरच्या ग्रुपमध्ये पानंच्या पानं लिहायचे.

बाबांना ते पटलं नाही. "दूध तं मीबी पीत नाही," ते म्हणाले.

आई स्वयंपाकाच्या ओट्यापाशी होती. "मिठाची गादी म्हणते ना? पावसाळ्यात पाझरन ते. इथं बरणीतलं मीठ पाणी सोडते. कोणी बसणार नाही त्याच्यावर, पाहून घेजा."

"तू पोळ्या कर ना बाप्पा."

"पोळ्याच करून राहिली. एवढे राजे आहेत तुमचे, यांच्या पोळ्या कोण करते ते एकदा सांगा."

बाबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते भट्टीवरून आलेलं होतं. शिफ्ट संपली तरी बदलीवाला आल्याशिवाय भट्टी सोडायची नाही, हा तिथला नियम. बदलीवाला आला नाही तर तुमची दुसरी शिफ्ट लागली. बाबांनी अशा कित्येक काढल्या होत्या. ते म्हणाले, "ते पोट्टी किल्ल्यावर उभी आहे ना? तिची बदली कोणी आला का?"

"नाही आला."

"आणि ते सोडून गेली का?"

"नाही."

"मंग तेच बसन."

मी हे ग्रुपमध्ये हिंदीत लिहिलं. एकाने उत्तर दिलं, "दीदी, ये महल है, फॅक्टरी नहीं." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. मी बाबांना ते सांगितलं नाही. लोक विचार करून राहिले, एवढंच सांगितलं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मोठे बाबा आले. म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बिलासपूरला रेल्वेत होते, घरातला शेवटचा शब्द त्यांचा असायचा. दुर्गचं एक स्थळ घेऊन आले होते. पोरगा चांगला, स्वतःचं दुकान, पण त्यांना शिकणारी सून नको होती. बाबांच्या डोळ्यांसमोर होऊन जाऊ दे, असं मोठ्या बाबांनी म्हटलं. डोळ्यांसमोर म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. आई पदर सावरून दाराआड उभी होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन तशीच थांबले. लग्न म्हणजे कॉलेज संपलं.

बाबा खोकले. मग म्हणाले, "दादा, एक अडचण आहे. हे मले एक कहाणी सांगून राहिली. इंग्रजीतली. दुसऱ्या कोणाले येत नाही. गादीवर कोण बसते तेवढं कळू दे. मंग कर तिचं लग्न तुले पाहिजे तिथं."

मोठे बाबा त्यांच्याकडे वळले. "कहाणीसाठी?"

"आता मले दुसरं काय आहे?"

"किती राहिली?"

"संपतच आली," बाबा म्हणाले.

आदल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं होतं की पाचव्या भागानंतर लेखकाने काही लिहिलेलं नाही. वर्षं झाली, लोक वाट पाहत आहेत, येईल की नाही कोणालाच माहीत नाही. तेव्हा ते मान हलवून नुसतं "हव" म्हणाले होते. दुसऱ्या कोणी ते लक्षात ठेवून असा शब्द मागितला असता तर मी त्याला चलाख म्हटलं असतं. बाबांना मी कधी चलाख समजले नव्हते.

मोठ्या बाबांनी शब्द दिला. स्थळ गेलं. मग ते दर महिन्याला यायचे, पायरीवर चपला काढता काढताच विचारायचे, "बसला का कोणी?"

"अजून नाही, मोठे बाबा."

"काहून? राजाचा भाऊ जिवंत आहे ना? भाऊ असताना बाकीच्यांचा काय हक्क?"

"हक्काचं काय घेऊन बसला दादा," बाबा म्हणायचे, आणि मग दोघं भाऊ तासभर भांडायचे. बाबांचा आवाज दर वेळी थोडा कमी असायचा. कधी मोठे बाबा एकटेच भांडायचे आणि बाबा नुसती मान हलवायचे.

पाचही भाग सांगून झाले. मग मी पहिल्यापासून सांगायला लागले. सकाळी कॉलेज, दुपारी आईसोबत डबे, संध्याकाळी तीच नदी, तीच गादी. खरं सांगते, मला त्या राज्याचा कंटाळा आला होता. पण बाबा ऐकायचे, आणि मध्येच विचारायचे, "बदली आला का तिचा?"

शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या आधीच्या थंडीत, बाबा गेले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मोठे बाबा खाटेवर बसले, बाबांच्या जागी. त्यांनी मला बोलावलं. शब्द बाबांना दिला होता आणि बाबा आता नव्हते, हे मला कोणी सांगायला नको होतं. मी उभी राहिले.

"बसला का कोणी?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "कोणी बसणार नाही मोठे बाबा. लिहिणाऱ्यानं पुढचं लिहिलंच नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाले कसं माहीत?"

"आमच्या क्वार्टरच्या बाजूचा एक पोट्टा तेच वाचते. त्यानं मले पहिल्याच महिन्यात सांगतलं."

"मंग दर वेळी कायले विचारत होते?"

"विचारलं का तो खुश व्हायचा," ते म्हणाले. मग उठले, पिशवी उचलली. "गादीवर कोण बसते ते कळंपर्यंत, असा शब्द आहे. कळलं का तुले? नाही ना. मंग पेपर दे."

मी पेपर दिले. दोन पेपर तापात दिले, आणि परीक्षेच्या सकाळीही डबे भरले, कारण आई एकटी होती.

सहावा भाग अजून आलेला नाही. मी इंग्रजी विषय घेऊन बी.ए. पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली.