छिंदवाड्याहून जवळ

आमच्या सौंसरात अंतर कुणी मैलांत सांगत नसे. नागपूर दोन तास, छिंदवाडा घाटामुळे अडीच, असा सगळा हिशोब. त्यामुळे थोरल्या ताईला दुबईला नेण्याची गोष्ट निघून महिना झाला तेव्हा आईने जावयांना एवढंच विचारलं, की विमानाला वेळ किती लागतो. ते म्हणाले, मुंबईहून दहाला निघतं, तिकडे साडेअकराला उतरतं.

"म्हंजे दीडच तास," आई म्हणाली. "छिंदवाड्याहून जवळ हाय."

महिनाभर नाही म्हणणारी आई त्या दिवशी हो म्हणाली. मग आळीत जो भेटेल त्याला ती हेच सांगायची.

मी तेव्हा कॉलेजात होते. पश्चिमेकडची घड्याळं मागे असतात, वाट खरी तीन तासांची आहे, हे मला कळत होतं. वडिलांनाही कळत असावं, पण आईच्या हिशोबात तोंड घालायची त्यांची प्राज्ञा नव्हती. मीही गप्प बसले. ती कशी राजी झाली होती, ते मी पाहिलं होतं.

ताई जावयांबरोबर नागपूरच्या बसमध्ये बसली. तिथून रेल्वेने मुंबई, मग विमान. प्रवासाला निघालेलं माणूस पोहोचेपर्यंत घरात फडा फिरवायचा नाही, झाडलं तर त्याची वाट झाडली जाते, असं आमच्याकडे मानतात. बस पोहोचली, रेल्वेही पोहोचली असेल, तरी घर झाडायचं राहिलंच. ताईने जाताना सोललेल्या संत्र्याची सालं कोपऱ्यात वाळत होती. तिसऱ्या दिवशी, म्हणजे विमानाच्या दिवशी, सकाळी दारातून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती, आणि त्या पिवळ्या उजेडाकडे बघता बघता मला वाटलं, आपलं घरच जमिनीवरून सुटलंय, खाली नुसतं पाणी आहे. असं किती वेळ बसले कोण जाणे.

साडेअकरा झाले. आई जागची हलेना. तिच्या जिवाचा घोर लवकर मिटावा म्हणून मीच उठले. ताई उतरली असेल, आता झाडून घेते, असं म्हणून फडा हाती घेतला.

आईने माझं मनगट धरलं. "ठेव तो. थे अजून समुद्रावरच असन."

मी फडा भिंतीला टेकवला.

"तिकडचं घड्याळ मागं चालते. तुया ताईनं पहिल्याच दिवशी सांगतलं मले."

"मग तू हो कशाले म्हटलं?"

"तिले जायचं होतं नं," आई म्हणाली. "आन् मले काही तं धराले पायजे होतं."

मला तिचा राग आला, आणि मायाही दाटून आली. एक वाजेपर्यंत आम्ही दोघी त्या धुळीत बसून राहिलो. मग आई उठली, पदर खोचला, आणि संत्र्याच्या सालांपासून झाडायला सुरुवात केली. झाडता झाडता ती रडत होती.