कन्नौदची तांत्रिक अडचण

पुण्याहून निघताना माझ्या बॅगेत पाच दिवसांचे कपडे, एक स्टॉपवॉच आणि चाळीस पानांचा प्रबंध होता. त्यातली अडतीस पानं मी घरी बसूनच लिहून काढली होती. उरलेली दोन प्रत्यक्ष जाऊन लिहायची होती. नोकरी सांभाळून एकोणपन्नासाव्या वर्षी लॉजिस्टिक्स आणि पुरवठा साखळी व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचा, तर कामं अशीच आटोपावी लागतात.

मी कडधान्यं विकणाऱ्या एका कंपनीत माल मागवण्याच्या विभागात एकोणीस वर्षं आहे. विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती आणि पदवी नसेल तर ती बाहेरच्या माणसाला देऊ, असं वरून स्वच्छ सांगण्यात आलं होतं. शेवटच्या सत्राचा प्रकल्प पास झाला की पदवी मिळणार होती. प्रकल्पासाठी मी आमचीच दुखरी जागा निवडली. देवास जिल्ह्यातल्या कन्नौदहून आमच्याकडे डॉलर चना (टपोरा काबुली हरभरा) येतो. महिन्यातून एक ट्रक हमखास एक दिवस उशिरा निघतो. मग मी ‘विलंबाचे कारण लेखी कळवावे’ अशी मेल पाठवते आणि दोन शब्दांचं उत्तर येतं: ‘तांत्रिक अडचण’. ही अडचण कोणती ते शोधायचं होतं. माझा संशय वजनकाट्याच्या संगणकावर होता. अडतीस पानं त्याच्यावरच होती.

आमचे कॉलेजचे सर वयाने माझ्या भाच्याएवढे आहेत. कंपनीचं नाव तिथे सांगू नका, माणसं सावध होतात, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून मी कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात घालून, विद्यार्थिनी म्हणून गेले.

सोमवारी सकाळी देवासला उतरले. माझ्या जाऊबाईंच्या थोरल्या बहिणीकडे, शैलाताईंकडे मुक्काम होता. देवासची पूर्वी दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. शैलाताईंचे पणजोबा थोरल्या पातीत कारकून होते आणि त्या अजून त्याच नोकरीचा रुबाब सांभाळून आहेत. त्यांचं मराठी माझ्या आजीच्या वेळचं, आणि मध्येच सरळ हिंदीत उडी मारणारं. पोह्यांवर शेव आणि जीरावण (इथला चटकदार मसाला) पेरत त्या म्हणाल्या, “न्याहारी करून घे, मंगल. पोहे ठंडे हो गए की गळ्याखाली उतरत नाहीत. आणि परवा अमावास्या आहे, नवीन कार्य आरंभू नकोस हो.”

मी कार्य आरंभत नाही, फक्त मोजायला आले आहे, असं सांगून मी दुसरी बशी घेतली.

त्यांचा मुलगा नितीन बँकेत आहे आणि पूर्वी कन्नौदच्या शाखेत होता. आम्हाला माल देणारे व्यापारी गोवर्धनजी त्याच्या ओळखीचे निघाले. त्यानेच फोन करून ‘आमच्या मावशी कॉलेजच्या कामाला येताहेत’ असं कळवलं.

मंगळवारी पहाटेच्या बसने कन्नौदला निघाले. चापड्यापर्यंत दोन्ही बाजूंना पिवळा गहू होता. पुढे घाटात सागाची झाडं उघडी पडलेली आणि अधूनमधून पळस फुललेला. हे मी खिडकीतून पाहिलं, कारण शेजारच्या बाईंच्या मांडीवरची कोंबडी माझ्या वहीकडे पाहत होती आणि लिहिणं सुरक्षित वाटेना.

मंडीत हरभऱ्याचे ढीग पडले होते आणि बोलीवाले ढिगामागून ढीग ओलांडत होते. मी स्टॉपवॉच काढलं. बोली, भरणी, वजन, सगळं लिहून घेतलं. वजनकाट्यापाशी तर चार तास खुर्ची टाकून बसले. संगणक एकदाही अडला नाही. वीजही गेली नाही. अडतीस पानं वाया जाताना बघून मला त्या यंत्राचा राग आला. काट्यावरच्या माणसाने दोनदा विचारलं की मॅडम, कुछ गड़बड़ है क्या. गडबड नाही हीच गडबड आहे, हे त्याला कसं सांगणार?

संध्याकाळी पाचला माल गोवर्धनजींच्या गोदामात रचून झाला. ट्रकही दारात येऊन उभा राहिला. माझ्या आराखड्यात बुधवारी सकाळी आठला माल चढायचा होता. मी विचारलं, उद्या किती वाजता येऊ?

“परसों आना, बेन,” गोवर्धनजी म्हणाले. “कल अमावस है. हम्माल लोग नी आवेंगे.”

मी व्यवस्थापनाची विद्यार्थिनी असल्यामुळे लगेच पर्याय सुचवले. दुसरे मजूर आणू, ड्रायव्हरला मदतीला घेऊ, निम्मे कट्टे तरी चढवू. (कट्टा म्हणजे पन्नास किलोचं पोतं.) त्यांच्या मुनीमजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, “आप उठाओगी?” मी एका कट्ट्याला हात लावून पाहिला आणि विषय सोडला.

रात्री लॉजमध्ये जायचा विचार गोवर्धनजींच्या पत्नीने हाणून पाडला. त्यांच्याच घरी राहिले.

बुधवारी मंडीत कुत्रीसुद्धा पाय पसरून झोपली होती. दुपारी दाल-बाफले झाले. बाफला म्हणजे उकडून भाजलेला आणि मग तुपात बुडवलेला कणकेचा गोळा. मी तीन खाल्ले आणि नोंदवहीवर डोकं ठेवून दीड तास झोपले. एवढा एकच वेळ मी स्टॉपवॉचवर मोजला नाही. जाग आल्यावर दुकानात जाऊन बसले. अर्धं शटर वर करून गोवर्धनजी पेपर वाचत होते. करमणूक म्हणून त्यांनी पुण्याच्या कंपनीचा विषय काढला. तिथे एक बाई आहे, म्हणाले. दर महिन्याला नियमाने पत्र पाठवते. मास्तरीण असावी. मुनीमजी तर अमावास्या झाली की पत्र येण्याआधीच उत्तर टाइप करून ठेवतात. यावर मुनीमजींनी नम्रपणे मान डोलावली.

मी मनात महिने लावले. उशिरा निघालेल्या ट्रकच्या पुष्कळ तारखा मला पाठ होत्या. माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, त्यावर मी गॅस आणि दुधाचे खाडे लिहिते, आणि तिथी रोज डोळ्यांसमोर असतात. माझ्या तारखांशी त्या ताडून पाहाव्यात, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.

सरांची सूचना बाजूला ठेवून मी म्हटलं, “वो बाई मैं ही हूँ.”

गोवर्धनजींनी पेपराची घडी घातली. मग पुन्हा उघडली. मुनीमजी काही काम नसताना आत गेले. शेवटी गोवर्धनजी म्हणाले, “चाय तो लोगी ना?”

चहा आल्यावर मी विचारलं की अमावास्या आहे एवढंच का नाही कळवलं.

“पुणे की कंपनी है, बेन. अमावस लिखते तो आप समझतीं, देहाती हैं, पोथी देखके धंधा करते हैं. फिर माल किसी और से लेतीं. तांत्रिक में इज्जत है.”

मी तसं केलं नसतं, असं म्हणणार होते, पण ते पुरतं खरं नव्हतं. मी अमावास्येचा लेखी पुरावा मागितला असता.

तेवढ्यात हमालांचा मुकादम कैलाश आला. सहकुटुंब नेमावरला नर्मदास्नान करून आला होता, खांद्यावर ओला पंचा. मी त्याला विचारलं, अमावास्येला ओझं उचललं तर काही वाईट होतं का?

तो हसला. “बुरा-वुरा काई नी, मैडमजी. इतवार की छुट्टी तो सेठ खिसका देता है. बोले, आज माल आया, कल ले लेना. अमावस किसी के बाप से नी खिसके.”

“सुन लिया?” टोमणा ओळखून गोवर्धनजी मला म्हणाले. “बाप मेरा, ताना मेरे को.”

मी वही उघडली आणि प्रबंधाची नवी दोन पानं तिथेच लिहिली.

गुरुवारी सकाळी आठला कैलाशची टोळी हजर होती. माल चढवायला मी तीन तास धरले होते. त्यांनी सव्वा तासात ट्रक भरला आणि मला बाजूला उभं करायला दोनदा थांबले. मी केबिनमध्ये ड्रायव्हर इरफानभाईंच्या शेजारी बसून धारला निघाले. तिथल्या आमच्या गोदामात चना निवडून, पिशव्यांत भरून पुण्याला येतो. चापड्याला चहा झाला. बागलीच्या फाट्यावर त्यांच्या मेहुण्याने एक कूलर चढवला, आपल्या धारच्या बहिणीसाठी. माझ्या आराखड्यात कूलरला रकाना नव्हता. केबिनमध्ये जागाही नव्हती, पण कूलरला नवा रंग होता आणि मागे कट्ट्यांवर ठेवला तर तो खरचटेल, असं ठरलं. म्हणून धार येईपर्यंत मी तो मांडीवर धरला.

धारच्या गोदामाचे व्यवस्थापक जाधव कित्येक पिढ्यांचे तिथलेच, मराठी आहेत. मी अमावास्येचा शोध त्यांना सांगितला. त्यांना आश्चर्य अजिबात वाटलं नाही.

“आम्हाला तो मालूमच असतं ना, ताई. गाडी येत नाही त्या दिवशी आम्ही जाळी-जळमटं काढतो, मशीनला तेलपाणी करतो.”

मग तुम्ही रजिस्टरमध्ये ‘मार्गात विलंब’ का लिहिता, असं मी विचारलं.

“त्या रकान्यात काही लिहिल्याबिगर पुण्याचं सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही,” ते म्हणाले. “ते तुम्हीच पाठवलंय.”

म्हणजे मंडीला माहीत होतं, ट्रकला माहीत होतं, धारला माहीत होतं. त्या दिवसाभोवती सगळ्यांनी आपापली कामं नीट लावून घेतली होती. माहीत नव्हतं ते फक्त माझ्या टेबलाला. त्याच रात्रीच्या बसने परत निघाले.

पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा झाली. अडतीस पानं मी परिशिष्टात टाकली होती. निष्कर्ष दोन पानांचा होता आणि शिफारस एका ओळीची: कन्नौदच्या मागणीच्या तारखा पंचांग पाहून ठरवाव्यात. सरांनी तो दिवस अपवाद म्हणून आकडेमोडीतून काढून टाकायला सुचवलं. तसं केलं तर आलेख छान दिसला असता. मी नाही म्हटलं. जो दिवस वर्षभर आधी छापून येतो त्याला अपवाद म्हणता येणार नाही. बाहेरच्या परीक्षकांनी आलेखाचं पान पुन्हा उघडलं, आणि मी नापास झाले तर काय करायचं याचा हिशेब सुरू केला. मग परीक्षकांनी विचारलं, “एवढ्यासाठी कन्नौदपर्यंत गेलात? एक फोन पुरला असता.”

मी हो म्हटलं. मी पास झाले. श्रेणी ‘ब’ मिळाली आणि जूनमध्ये विभागप्रमुखाची खुर्चीही.

फोनचा मात्र मी नंतर विचार करून पाहिला. फोन मुनीमजींनी उचलला असता, आणि त्यांच्याकडे उत्तर टाइप केलेलं तयार होतं.