शिवराम प्रॉम्प्टर आणि सहा आकडे

डोंबिवलीच्या एका प्रयोगात, दुसऱ्या अंकात, मी पार कोरी झाले होते. समोर भरलेलं थिएटर आणि डोक्यात एक अक्षर नाही. तेवढ्यात विंगेतून चार शब्द आले, इतके हळू की माझ्या शेजारच्या नटालाही कळले नाहीत. ते शिवरामने दिले होते. दिवसा तो महापालिकेच्या पाणीखात्यात व्हॉल्व्हमन असे आणि संध्याकाळी आमचा प्रॉम्प्टर. एकतीस वर्षं मी त्या आवाजाच्या भरवशावर टाळ्या घेतल्या. जाहिरातीत त्याचं नाव कधी आलं नाही आणि मीही कधी आग्रह धरला नाही, हे आज लिहून टाकते.

नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, हे त्याला मानेवरून कळे. "बाई, विसरलेला माणूस खाली बघतो," तो म्हणायचा. "खाली बघितलं की शब्द द्यायचा. वाट बघायची नाही."

गेल्या वर्षी त्याच्या कळव्याच्या घरी मी गेले होते. त्याची बायको कांता जाऊन वर्ष झालं होतं, तिचं पुण्यानुमोदन होतं. भंतेजी वंदना घेऊन गेले, पाहुणे पांगले. शिवराम, त्याचा मुलगा सुमित आणि मी असे तिघं उरलो. सुमित मला खिरीची दुसरी वाटी देत होता.

हा पोरगा मानपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात कंत्राटी कामगार. त्याच्या महिनाभर आधी तिथे वायू गळून दोन माणसं मेली होती. सुमितने कामगारांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, मोर्चा बोलावला. परवानगी नाकारली गेली, मोर्चा तरी निघाला आणि गेटच्या काचा फुटल्या.

त्या दुपारी फौजदार आला, बरोबर दोन शिपाई. फौजदार फार सभ्य होता. दारात बूट काढले, कांताच्या फोटोला नमस्कार केला, मी पुढे केलेली खीर घेतली. मग सुमितचा मोबाइल उचलला.

"हं हिरो, कोड सांग."

सुमित गप्प राहिला.

आदल्याच दिवशी त्याच्या मावसबहिणीने, वकील रचनाने, त्याला बजावलं होतं: नाव सांग, पत्ता सांग, बाकी तोंड उघडू नकोस. आरोपीला स्वतःविरुद्ध बोलायला लावता येत नाही, संविधानाचं कलम वीस. शिवरामला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. वर्षभर आईसाठी झुरणाऱ्या बापाला अजून कशाला घाबरवा, म्हणून पोराने सांगितलं नव्हतं.

"काय रे, विसरलास?" फौजदार खीर खात म्हणाला. "आठव, आठव. घाई नाही."

सुमितने खाली बघितलं.

शिवरामची मान पुढे झालेली मी पाहिली. मला ते ओळखता यायला हवं होतं, मी तर त्या मानेकडे बघत आयुष्य काढलं. त्याने सहा आकडे दिले, त्याच हळू आवाजात, फक्त सुमितसाठी. कांताचा व्हिडिओ बघता यावा म्हणून पोरानेच त्याला ते शिकवले होते. पण दहा बाय बाराच्या खोलीत विंग कुठली? फौजदाराने आकडे दाबले. फोन उघडला.

"अरे, मागच्या वर्षीची आजचीच तारीख की!" त्याने फोटोकडे बघितलं. "थँक्यू काका." आणि वाटी चाटूनपुसून खाली ठेवली.

"पप्पा..." सुमित एवढंच म्हणाला. शिवराम त्याच्याकडे हसून बघत होता. वेळेवर दिला, अशा समाधानाने.

सुमितला ते तिथूनच घेऊन गेले. त्या फोनमधून एकोणीस नावं निघाली. पॅकिंगवरच्या पायलने रागाच्या भरात ग्रुपवर म्हटलं होतं, 'गेट तोडू, पण आत जाऊ.' अंधार पडायच्या आत तिला उचललं. जेलमध्ये सुमितला त्याच्याच माणसांनी मारलं. नावं त्यानेच दिली असं सगळ्यांनी धरलं. खरं समजलं तेव्हा पायलची आई बायजा कळव्याला आली. ती आत आली नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"तुझं पोरगं मुकं राहिलं. तुझ्या तोंडाला काय झालेलं रे?"

शिवरामने तिला पाणी आणलं. तिने ते त्याच्या पायावर ओतलं.

खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. वरच्या कोर्टात जाण्याआधी रचना कागद घेऊन आली. "काका, त्यांनी सुमितवर हात उगारला, म्हणून तुम्ही घाबरून बोललात. असं प्रतिज्ञापत्र करू?"

"उगारला नव्हता गं."

"मी सही करते," मी म्हणाले. "मी होते तिथे. उगारला होता."

"नको बाई." तो माझ्यावर पहिल्यांदाच चिडला. "जे लिहिलेलं असतं तेच मी देत आलो. नसलेलं नाही देणार."

तो बरोबर होता की हट्टी, मला आजही सांगता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर खोटं बोलले असते, आणि झकास बोलले असते.

निकाल आला तेव्हा रचनाने तो कोर्टाच्या व्हरांड्यातच आम्हाला मराठीत समजावला. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की डोक्यातला आकडा म्हणजे साक्षच. तो आरोपीकडून सक्तीने काढता येणार नाही. माणसाचं मौन सरकारच्या मालकीचं नाही. वाचताना पोरीचा आवाज आनंदाने कापत होता. असं स्पष्ट कुणी लिहीत नाही, म्हणाली.

"पुढे?" शिवरामने विचारलं.

पुढे लिहिलं होतं की प्रस्तुत प्रकरणात आरोपी काहीच बोललेला नाही, सबब त्याचा हक्क अबाधित आहे. वडील स्वखुशीने बोलले. मुलाचा हक्क वडिलांच्या तोंडाला लागू होत नाही. पुरावा ग्राह्य. जामीन नामंजूर.

म्हणजे सुमितचा हक्क पूर्ण शाबूत होता. सुमित आत होता.

याला आठ महिने झाले. खटला उभा राहिलेला नाही. परवा मी कळव्यात असताना रचना धावतपळत आली, हातात पेढ्यांचा पुडा. शिवराम जेलमध्ये सुमितच्या मुलाखतीला न्यायचे कपडे घडी करत होता.

"काका, आपल्या ऑर्डरचा उपयोग झाला! बाळकुमच्या एका पोराने कोड द्यायला नकार दिला. पोलिसांना फोन उघडताच आला नाही, जामीन झाला त्याला. सुमितच्या केसचं नाव आहे त्यात. दाखवू?"

शिवरामने शर्टाची बाही नीट दुमडली.

"त्याचा बाप घरी नव्हता का गं?"