फाटकापाशी दोन पक्ष

तिचं निळं पत्रक घेतल्याशिवाय पुढे जाणं अवघड होतं. लग्नाची पत्रिका द्यावी तसं ती ते दोन्ही हातांनी पुढे करायची आणि म्हणायची, "बघा हं, आग्रह नाही." आता आग्रह याहून वेगळा काय असतो, ते तुम्हीच सांगा.

निवडणुकीच्या दिवसांत इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या मतदान केंद्राच्या फाटकापाशी, मत कसं द्यायचं ते सांगणारी आपापल्या पक्षाची पत्रकं वाटत आम्ही समोरासमोर उभ्या असायचो. ती नावातच 'लिबरल', म्हणजे उदारमतवादी, असलेल्या निळ्या पक्षाची, मी कामगारांच्या लाल पक्षाची. गर्दी ओसरली की तिच्या थर्मासमधला चहा आणि आमचं भांडण बरोबरच सुरू व्हायचं.

"माणसाला मोकळं सोडा, तो आपलं बघून घेतो. ह्याला लिबरल म्हणतात."

"आणि ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने काय बघायचं? खरे लिबरल आम्हीच."

"तुमच्याकडे नुसता टॅक्स आहे गं!" असं म्हणत उरलेला चहा ती माझ्याच कपात ओतायची. तिच्याबद्दल लिहिताना आजही मला अपराधी वाटतं.

तिचा डब्यांचा व्यवसाय होता. हाताखाली श्रीलंकेहून आसरा मागत बोटीने आलेला एक तमिळ माणूस होता. काम करायचा, टॅक्स भरायचा, पण कायमचा व्हिसा मिळत नव्हता, म्हणून बायकोला आणता येत नव्हतं. बोटीने आलेल्यांच्या बाबतीत आमचे दोन्ही पक्ष सारखेच कडक. तो विषय निघाला की आम्ही दोघी भांडण सोडून नुसता चहा प्यायचो.

गेल्या निवडणुकीत मतदानाच्या दिवसाआधीचं अर्ली वोटिंग चालू असताना तिचा उमेदवार फाटकावर आला. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्याकडे काम करणाऱ्या माणसाच्या बायकोला इथे येऊ देणार का?" तो हसून "नंतर बोलू" म्हणाला आणि पुढच्या माणसाशी हात मिळवायला गेला. दुसऱ्या दिवशी तिने पक्षाचा टी-शर्ट इस्त्री करून परत केला आणि माझ्याकडे आली.

"माझे तर असे निघाले. तुझे खरे लिबरल ना? उद्या तुमचा येतोय. विचारशील?"

"विचारते की!"

आमचा आला. मला नावाने हाक मारून शेजारी उभा राहिला. प्रश्न अगदी ओठांवर होता. पण मतदार ऐकत होते, फोटो निघत होते. एवढी निवडणूक होऊन जाऊ दे, असं मला वाटलं. मी त्याला पाणी हवं का, ते विचारलं.

दुपारी तिचा फोन आला. "बोललीस?"

"बोलले. नक्की बघतो म्हणाला."

पलीकडे ती रडायला लागली. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायीच मी गप्प बसले.

मतदानाच्या दिवशी तिच्या जागी दुसरंच कोणी निळी पत्रकं वाटत होतं. ती आली साधी मतदार म्हणून. "आयुष्यात पहिल्यांदा हं," असं म्हणत माझ्याकडून लाल पत्रक मागून घेतलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

रस्त्याच्या कडेला तिच्या गाडीत तो तमिळ माणूस बसला होता. त्याला मताचा हक्क नव्हता. काच खाली करून, हात जोडून म्हणाला, "थँक्यू, अक्का. मॅडम टोल्ड मी."

मी मान डोलावली. रांग हळूहळू सरकत होती, ती अजून बाहेरच होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी पुढच्या मतदाराला पत्रक दिलं.