झोयाने सोडलेले धागे

परवा गुरुवारी खुलदाबादला दर्ग्यात माझी अशी फजिती झाली म्हणता...

माझी झोया नऊ वर्षांची. ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. पण गाठ दिसली की ती सोडणार म्हणजे सोडणारच. बुटाची नाडी, भाजीची पिशवी, पाहुण्यांच्या मिठाईच्या पुड्याचा दोरा... काही म्हणून ठेवत नाही.

चार वर्षं झाली, मी तिथल्या जाळीला धागा बांधते. मन्नत एकच, झोयाने मला एकदा 'अम्मी' म्हणावं. यंदाचा धागा पर्समध्येच होता. आधी दुआ करावी म्हणून डोळे मिटले... पाचेक मिनिटंच हो!

उघडले तर काय, बाईसाहेबांनी जाळीवरचे सात-आठ धागे सोडून पायरीवर ओळीने मांडलेले. या अल्लाह! कुणी आजारपणासाठी बांधला असेल, कुणी लेकराच्या नोकरीसाठी...

मी घाईघाईने परत बांधायला लागले, तर ती किंचाळायला लागली. बायका जमल्या. एकीने सुनावलंच, "बच्ची संभलती नहीं तो लाते कायको?" मला रडू आवरेना.

तेवढ्यात बिडकीनची एक म्हातारी खाला पुढे आली. मन्नत पूर्ण झाली की धागा सोडायला यायचं असतं. तिला नातू झाला होता, पण संधिवाताने बोटं वाकडी आणि गाठ पार आवळलेली. "बेटा, मेरा भी खोल दे," ती झोयाला म्हणाली.

झोया एकदम शांत. दोन मिनिटांत गाठ मोकळी!

मी भीतभीतच विचारलं, खाला, बाकीच्यांच्या मन्नतींचं काय? तर हसायलाच लागली. "अगे पगली, अल्लाह क्या धागे देखके याद रखता है?" मग झोया खालाच्या धाग्यात गुंतलेली असताना सगळ्यांनी मिळून ते धागे परत बांधले. मला बोलणारी बाईसुद्धा होती त्यात.

या गडबडीत माझा धागा राहूनच गेला. परतताना एसटीत तो सापडला, तेव्हा सहज एक गाठ मारून झोयाच्या हातात दिला. तिने सोडला, माझी ओढणी ओढली आणि धागा पुढे केला... पुन्हा बांध. गारखेड्यात घरी येईपर्यंत हेच चाललं होतं. किती वेळा ओढणी ओढली असेल पोरीने!

हाकच ना ती? चार वर्षं माझं लक्षच नव्हतं.

आज पहाटे फजरच्या नमाजला दुआ तीच मागितली... पण घाई नव्हती.