सातमाशांच्या आयांचा बाक

काजूच्या दिवसांत परसात सहज जावं आणि येताना पदर भरून बोंडू आणावेत, तसं या किश्श्यांचं आहे. मुद्दाम वेचायला कोणी जात नाही, पण बाकावर बसलं की ते पुढ्यात येऊन पडतात.

आमचा बाक म्हणजे मोठ्या इस्पितळातला, लवकर जन्मलेल्या मुलांना तपासतात त्या खोलीबाहेरचा. गुरुवारी आम्ही तिघी तिथे ठरलेल्या. मी पेडण्याची, सुलभा डिचोलीची आणि शैलाक्का कोल्हापूरकडची. तिचा नवरा इथे बांधकामावर असतो. तिघींचीही मुलं दिवस भरायच्या आधी आलेली. तिघींच्या जिवाला घोरही एकच: पोर जगलं खरं, पण त्याचं डोकं नीट चालेल ना?

बाकावर आम्ही खूप हसतो. आतून नावाचा पुकारा झाला की हसणं बाकावरच सोडून उठतो!

*

माझी मुलगी, आम्ही तिला बाय म्हणतो, सातव्या महिन्यातच झाली. मी शाळा सोडली तीही सातवीत.

सासूबाई पहिल्यांदा बघायला आल्या. काचेच्या पेटीत बाय, नळ्यांच्या जंजाळात. हाताची बोटं म्हणजे उदबत्तीच्या काड्या. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"आवय सातवी, धूव सातवो म्हयनो. आठव्याचो तुमकां दोघांकय कंटाळोच मगो!"

माझे टाके ओले. हसताही येईना नि रडताही येईना.

*

तिथल्या डॉक्टर मॅडम आम्हाला समजेल असं सांगायच्या. म्हणाल्या, "पोटातल्या शेवटच्या महिन्यांत मेंदू भराभर वाढतो. आधी तो गुळगुळीत असतो, मग त्याला घड्या पडत जातात. ही लवकर आली, म्हणजे ते काम आता बाहेर व्हायचंय. म्हणून उजेड कमी, आवाज कमी आणि आईची छाती जास्त!"

सासूबाईंनी विचारलं, "घड्यो म्हणजे सुरकुत्यो?"

"तशाच समजा."

"जितक्यो चड, तितकी बुद्धी चड?"

मॅडमनी जरा अडखळत मान हलवली. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "आयकलें मगो? आतां म्हज्या तोंडाक हांसूं नाका!"

मॅडमसुद्धा हसल्या. मी मात्र त्या दिवसापासून गुळगुळीत काही दिसलं की घाबरते. सोललेलं अंडंही मला बघवत नाही.

*

सहाव्या दिवशी आमच्याकडे सटी पुजतात. त्या रात्री सटी घरी येते आणि बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते. बाळाजवळ कोरा कागद आणि पेन ठेवायचं. पण बाय तर काचेच्या पेटीत!

सासूबाई पेडण्याहून बस बदलत कागद-पेन घेऊन आल्या आणि नर्सला म्हणाल्या, "हें पेटयेभितर दवर."

नर्स म्हणाली, "आत काही ठेवता येत नाही, आई. आणि लिहायचीच काळजी असेल तर आम्ही तासातासाला लिहितोच आहोत की!"

सासूबाईंनी कागद-पेन परत पिशवीत टाकलं. घरी आलेली सटी पाळणा रिकामा बघून परत गेली असणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं. मला हे पटत नव्हतं. तरी एकटी असले की बायच्या कपाळावरून अंगठा फिरवून बघायचे. कोरं तर नाही ना?

पुढे मॅडम म्हणाल्या, "हिचं वय जन्मापासून धरू नका. जेव्हा जन्मायची होती त्या तारखेपासून धरा, म्हणजे उगाच धसका घेणार नाही."

धसका राहिला बाजूला, सासूबाई खुर्चीतून उठल्याच! "मगे सटी परत करूंक जाता!"

आणि केली. मॅडमच्या हिशेबाने सहाव्या दिवशी, घरी, पाळण्यात बाय असताना. नवा कागद, नवं पेन. शेजारणीने विचारलं, दुसऱ्यांदा कशी? सासूबाई म्हणाल्या, "दोतोरान सांगलां!"

*

त्याआधी आम्ही घरी आलो तो प्रवास. माझा नवरा पेडण्याच्या स्टँडवर पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाडी मारतो. गाडी त्याची अशी की माणूस उतरल्यावर आधी देवाचं नाव घेतो!

पण कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं की अशा मुलांच्या डोक्यातल्या शिरा नाजूक असतात. झालं! मी बायला छातीशी धरून रिक्षात आणि हा पुढे मोटारसायकलवर. खड्डा आला की हात वर. गतिरोधक आला की उतरून रिक्षासमोर उभा. समोरून ट्रक आला तर त्याला बाजूला घ्यायला लावायचा.

एका तिठ्यावर दोन म्हातारे चटकन उठून उभे राहिले. एकाने विचारलं, "मंत्री येता रे?"

रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मंत्री खंयचो? मंत्री इतलो सवकास येता?"

*

कान नीट आहेत की नाहीत, हे बघायचं मला वेड लागलं. बाय पाठमोरी असली की मी मागून पितळी ताट बडवायचे. पहिल्यांदा दचकली. दुसऱ्यांदाही दचकली. आठवडाभराने एकदा बडवलं तर तिने पापणीसुद्धा हलवली नाही. शेजारचा कुत्रा मात्र भुंकायला लागला.

मी ताट टाकून रडायला बसले. "आई, तिला ऐकू येत नाही!"

सासूबाई चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आयकूं येता गे. तुजी संवय जाली ताका!"

*

आता आमच्या तिघींची कर्तबगारी ऐका.

तपासणीच्या खोलीत मुलापुढे लाल ठोकळे, घंटी, बाहुली, कप असं काय काय मांडतात. मूल काय करतं ते बघतात आणि मॅडम लिहितात. त्यांचं ते पेन चाललं की माझं काळीज चालायचं थांबतं.

शैलाक्काचा नंबर पहिला असायचा. एक दिवस ती बाहेर आली आणि माझ्या कानाशी लागली. "ठोकळ्यावर ठोकळा रचायचा हाय. आनि बाहुली कपाखाली दडवत्यात, ती हुडकायची. घरी करून घ्या!"

पेपर फुटला!

मग काय, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून लाल ठोकळे तिन्ही घरी पोचले. सुलभाने तर आपल्या मुलाला जेवणाआधी ठोकळे, जेवणानंतर ठोकळे असा क्लासच लावला. पुढच्या तपासणीला मॅडमनी ठोकळे नुसते टेबलावर ठेवले, तोंडही उघडलं नव्हतं. तोच त्याने खडाखड मनोरा रचला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या!

मॅडमनी दार उघडून आम्हा दोघींनाही आत बोलावलं. "कोणी शिकवलं?"

तिघीही जमिनीकडे बघायला लागलो.

"अगो, ही मुलांची परीक्षा नव्हे. कुठे अडतंय ते मला कळलं, तर वेळीच मदत देता येते. तुम्ही झाकून ठेवलंत तर मला कसं दिसणार?"

शैलाक्का हळूच म्हणाली, "पन मॅडम, पोरगं पास न्हवं?"

*

आणि हा मागच्या गुरुवारचा.

बाय आता चालते, धावते, पण बोलत नाही. मॅडमच्या हिशेबाने वय धरलं तरी नाही. 'आई' नाही, 'बा' नाही. बोट दाखवते आणि गप्प. बाकावर शैलाक्काचा मुलगा दोन भाषांत रडतो, आणि माझी नुसती बघत बसते.

आत गेलो. या वेळी मी काही शिकवलं नव्हतं. मॅडमनी ठोकळे ठेवले. बायने हात लावला नाही. घंटी वाजवली, तर घंटीकडे नाही, मॅडमच्या हाताकडे बघत राहिली. बाहुली कपाखाली ठेवून मॅडमनी, कुठे गेली ती, असं बायला आमच्या बोलीत विचारलं, "बावली खंय? सोद पळोवया, खंय गेली?" बायने कप उचलला, बाहुली टेबलावर ठेवली आणि पुन्हा गप्प.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका हं. बोलणं जरा मागे आहे. बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवते. तसं लिहून देते."

लिहून देते म्हटल्यावर मी मान फिरवून पिशवी आवरायला घेतली.

मॅडमनी टेबलावर हात फिरवला. पेन नाही. कोटाचा खिसा बघितला, कागद उचलून बघितले, खण ओढला. "आत्ता तर इथे होतं!" मीही वाकले, टेबलाखाली बघू लागले. डोळे भरून आल्यामुळे मला फरशीसुद्धा दिसत नव्हती.

आणि माझ्या डोक्यावरून एक आवाज आला. मी तो आधी कधीच ऐकला नव्हता.

"खंय?"

वर बघितलं. बायने कप उपडा घातला होता, त्याच्या कडेखालून पेनाचं टोक डोकावत होतं, आणि कपावर दोन्ही हात दाबून ती मॅडमकडे बघत होती.