चिखलातलं इंग्रजी

मंडळी, बोलते मी, टाइप करते नात रिया. चुका तिच्या.

आज सकाळी हीच रिया इंग्रजीचं अनेकवचन पाठ होत नाही म्हणून रडत बसली होती. मी म्हटलं, "तुह्या आत्याले मीच शिकवलं होतं."

"आजी, तुले तर अ बी येत नाही!"

खरं आहे. पण ऐंशी सालच्या आसपास माझी लेक शांता, म्हणजे रियाची आत्या, इंग्रजीत नापास झाली, अन् तिचे बाबा म्हणाले, पुन्हा नापास झाली तर शाळा बंद. मग ती घरून निघतानाच मला शब्द सांगून ठेवायची, अन् धानाच्या रोवण्यात, भाताची रोपं चिखलात लावताना, मी तो ओरडायची; तीही माझ्याबरोबर रोवायला असायची. चिखलातल्या साऱ्या बाया तिच्यासोबत उत्तर द्यायच्या. "काऊ!" "काऊज!"

गाई पुष्कळ असल्या तरी काऊज, अन् गायीची शेपटी म्हटली तरी काऊज. ऐकणाऱ्याला कळतं कसं, हे मला अजून कोणी सांगितलं नाही. शांता मात्र पास झाली.

रियाला पटेना. मी शांताला नागपूरला फोन लावला अन् नुसतं ओरडले, "काऊ!"

"काऊज!" अन् मग, "माय व, रोवणा सुरू झाला काय?"

आता रिया म्हणते, "आजी, मायासाठीबी शब्द ओरड."

ओरडते. पण उत्तर द्यायला तेवढ्या बाया कुठून आणू? येता काय कोणी?